बेळगावातले मैदानी कार्यक्रम: बसायचं कुठे, निघायचं कधी

मैदानावरचा कार्यक्रम बिघडला, तर दोष बहुतेक वेळा गाणाऱ्याचा नसतो. जागा खांबामागची मिळालेली असते, अंगाखालची सतरंजी दवाने ओली झालेली असते, मुख्य कलाकार रंगात येतो तेव्हा दहा वाजतात आणि त्यानंतरचा तास गाडी बाहेर काढण्यात जातो. यातलं जवळजवळ सगळं घरातून निघण्याआधी ठरवता येतं. बेळगाव शहर आणि खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज भागातून इथे येणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

आधी मैदान ओळखा

प्रवेशिकेवर वेळ ठळक छापतात आणि मैदानाचं नाव खाली बारीक अक्षरांत. वाचताना आधी नाव वाचा, कारण तयारी त्यावर ठरते.

टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो म्हणजे जुन्या मोठ्या झाडांचं आवार. देवीच्या लशीची संस्था इथेच होती, नाव त्यावरूनच पडलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांची इथे वर्दळ असते, प्रदर्शनं आणि मेळावेही भरतात. दुपारी उन्हाचा त्रास कमी, पण झाडांच्या बुंध्यांमुळे मंच सगळीकडून दिसत नाही आणि दिवे फक्त मंडपापुरतेच असतात. पायाखाली मुळं आणि पाचोळा असतो, म्हणून टॉर्च हवीच. मोबाईलचा दिवा चालतो, पण परतीच्या वेळी नेमकी बॅटरी संपलेली असते.

चन्नम्मा चौकातून सरदार्स हायस्कूलच्या मैदानावर चालत जाता येतं. बसने येणाऱ्यांना हे सगळ्यांत सोयीचं. गाडीवाल्यांना मात्र इथे सगळ्यांत जास्त त्रास होतो, कारण आजूबाजूचे रस्ते बाजाराचे आणि कचेऱ्यांचे आहेत. क्लब रोडवरचं सीपीएड मैदान मोठं आहे. सरकारी उत्सव आणि मोठ्या सभा तिथे होतात, आणि हिंडलगा, गणेशपूर, वेंगुर्ला रस्त्याकडच्यांना ते वाटेवरच पडतं. येडियुराप्पा रोडकडचं मालिनी सिटीचं मैदान आणखी मोठं आणि मोकळं आहे. हा पट्टा भातशेतीच्या शिवाराला लागून असल्यामुळे पाऊस झाला की तिथे पाणी लवकर मुरत नाही. संध्याकाळी चार वाजता वळीव पडून गेला असेल, तर सहाच्या कार्यक्रमाला बूट घालून जाऊ नका. रबरी चप्पल बरी.

शहराबाहेरचे दोन प्रकार वेगळे मोजा. पहिला कित्तूर उत्सव. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या सैन्याने कंपनी सरकारचा पराभव केला, त्या दिवसाला धरून दरवर्षी २३ ते २५ ऑक्टोबरला तो भरतो. कित्तूर बेळगावपासून धारवाडच्या वाटेवर साधारण पन्नास किलोमीटर आहे. प्रवेश मोफत असतो, त्यामुळे गर्दी प्रवेशिकांच्या हिशेबात राहत नाही. दुसरा प्रकार म्हणजे गावोगावची मराठी साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत हिवाळ्यात उघड्यावर मंडप घालून ती भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी जेवण, नंतर कविसंमेलन किंवा कथाकथन. तिथे धक्काबुक्की नसते, पण दिवसभर ऊन असतं. मंडपाचं कापड पातळ असतं आणि दुपारी एकनंतर ऊन तिरपं होऊन कडेच्या खुर्च्यांवर येतं. मधल्या रांगा धरा.

दहाचा काटा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासाठी आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ती सूट सहसा सरकारी उत्सवाच्या किंवा गणपतीच्या वाट्याला येते. खासगी संस्थेच्या कार्यक्रमाला दहा म्हणजे दहा असंच धरून चला.

वेळापत्रक उलट्या बाजूने वाचायचं ते यासाठी. शेवट दहाला असेल तर मुख्य कलाकार आठ-सव्वाआठला मंचावर यायला हवा. सहाची वेळ छापलेली असेल, तर मधले दोन तास दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं आणि स्थानिक कलाकारांना जातात. मंत्री येणार असतील तर त्याहून जास्त. फक्त मुख्य गाणं ऐकायचं असलं तरी आठला पोहोचू नका, कारण जागा सातपर्यंत भरलेल्या असतात आणि स्वयंसेवक मागच्या कठड्याकडे पाठवतात. खुर्चीसाठी छापील वेळेच्या ४५ मिनिटं आधी आणि भारतीय बैठकीत पुढे बसायचं असेल तर सव्वा तास आधी पोहोचा. भाषणांच्या वेळी खाऊन घ्या. तेवढा उपयोग त्यांचा होतो.

डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्या दिवसांत लॉज भरलेले असतात, भाडी चढतात आणि बंदोबस्तामुळे रस्ते वळवले जातात. मुक्कामाने येणार असाल तर कार्यक्रमाची तारीख आणि अधिवेशनाची तारीख शेजारी ठेवून बघा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या मिरवणुकीमुळे चन्नम्मा चौक आणि आजूबाजूचे रस्ते दिवसभर वाहनांना बंदच समजा.

प्रवेशिका

कार्यक्रमांच्या बातम्या स्थानिक मराठी दैनिकांत दोन-चार दिवस आधी येतात, आणि प्रवेशिका कुठल्या दुकानात मिळतील तेही त्यातच असतं. प्रवेशिका हातात पडली की तीन गोष्टी बघा: एका प्रवेशिकेवर किती जण, कुठलं दार, आणि किती वाजेपर्यंत आत सोडणार. ‘राखीव जागा साडेसहापर्यंत’ अशी एक ओळ कोपऱ्यात असते. तेवढी वेळ टळली की तुमची खुर्ची दुसऱ्याची झाली.

मोबाईलवर आलेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट घरीच काढून ठेवा. दाराशी पाच-सहा हजार मोबाईल एकाच टॉवरवर आलेले असतात, तिथे लिंक उघडत नाही आणि मागची रांग ओरडायला लागते. चौघांची तिकिटं एकाच्याच मोबाईलमध्ये असतील तर चौघांनी एकत्रच आत जायचं, हेही आधी ठरवा.

जागा: कान कुठे ठेवायचे

पहिल्या रांगेत बसलं की गाणं चांगलं ऐकू येतं, हा समज मैदानावर बहुतेक वेळा खोटा ठरतो. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. जमिनीवर ठेवलेले ढोल्या आवाजाचे मोठे खोके मात्र पहिल्या पाच-सात रांगांच्या अगदी समोर असतात. त्यामुळे पुढे बसणाऱ्याला तबल्याचा डग्गा छातीत ऐकू येतो आणि गायकाचे शब्द बुडतात.

मैदानात मध्यभागी एक छोटा मांडव असतो, तिथे मिक्सरवाला बसतो. तो जे ऐकतो त्यावरच सगळा आवाज जुळवतो, म्हणून सगळ्यांत चांगला आवाज त्याच्या आसपास मिळतो. त्याच्या पुढे चार-पाच रांगा किंवा अगदी बाजूला बसा. मागे बसलात तर त्याचा मांडव आणि त्यात उभे राहिलेले चार लोक आड येतात. बाजूला सरकावं लागलं, तर निदान दोन्ही स्पीकरांच्या मधल्या पट्ट्यातच राहा. एका खांबाच्या बाहेर गेलात की एकाच बाजूचा आवाज मिळतो, आणि शाळेच्या भिंतीवर आपटून आलेला दुसरा वर.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलात तर तो जवळजवळ पाव-तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो. पडद्यावर ओठ हलतात आणि शब्द मागून येतो, ते यामुळेच. मोठ्या कार्यक्रमात मैदानाच्या मध्यावर आणखी स्पीकर लावून ते तेवढ्याच उशिराने चालवतात. असे स्पीकर दिसले तर त्यांच्या पुढ्यात दहा-पंधरा मीटर अंतर सोडून बसा. ते लावलेले नसतील तर साठ-सत्तर मीटरच्या पलीकडे जाऊ नका.

वारा हा मैदानावरचा दुसरा मिक्सरवाला. तो मंचाकडून तुमच्याकडे येत असेल तर आवाज लांबपर्यंत नीट येतो. उलट असेल तर बारीक आवाज, म्हणजे तंबोरा, सतार, गायकाच्या ताना, आधी तुटतात आणि ठोका तेवढा राहतो. रुमाल धरून वारा बघा आणि मंचाकडून वारा येईल अशी बाजू धरा. सूर्य मावळून जमीन गार होऊ लागली की आवाज जमिनीलगत जास्त लांब जातो. त्यामुळे सहाला मागे बारीक वाटणारा आवाज आठला ठीक वाटू शकतो. उगाच जागा बदलत फिरू नका.

शास्त्रीय गाण्याला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हिवाळ्यात रात्री हवेत दमटपणा वाढला की तबल्याची पुडी ढिली पडते आणि स्वर उतरतो. तारांचंही तसंच, गारव्याने त्यांचा ताण बदलतो. वादक मध्येच थांबून हातोडीने ठोकू लागला तर ती चालढकल नाही. त्या दोन मिनिटांत उठून चहाला जाऊ नका, कारण परत येताना वाटेत बसलेल्यांना तुडवत यावं लागतं आणि तोवर आलाप सुरू झालेला असतो.

डीजे किंवा बँडचा कार्यक्रम असेल तर कानाची काळजी घ्या. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण आवाज दर ३ डेसिबलने चढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. स्पीकरच्या पुढ्यात शंभर सहज होतात. शेजारच्याशी हातभर अंतरावरून ओरडून बोलावं लागलं की समजा आवाज जास्त आहे. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात. ते बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर तो काहीच अडवत नाही. लहान बाळाला अशा कार्यक्रमाला नेऊ नका. कापसाने भागत नाही.

खाली काय, अंगावर काय

भारतीय बैठकीला आयोजक सतरंज्या घालतात, पण त्या थेट मातीवर असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठनंतर दव पडायला लागतं. सतरंजी वरून ओली होते आणि जमिनीचा गारवा खालून येतो. खाली प्लास्टिकची चटई किंवा ताडपत्रीचा दीड मीटर तुकडा, वर आपली घडीची सतरंजी, आणि अंगावर घोंगडी. आता घोंगडी नेणाऱ्याला हसतात, पण दव लोकरीत लगेच शिरत नाही. सुती चादर तासाभरात जड होते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवर आहे, हे किनाऱ्याकडून येणारे पाहुणे विसरतात. कानटोपी आणि मोजे पिशवीत असू द्या. ऊब कानातून आणि पायांतूनच जाते असं नाही, पण कुडकुडायला सुरुवात तिथूनच होते.

मार्च ते मेमध्ये त्रास उलटा. लाल माती सुकून फुफाटा होतो. आयोजक दुपारी टँकरने पाणी मारतात, त्याने पहिले दोन तास बरे जातात. नंतर पायांनी माती उसळते आणि दिव्यांच्या झोतात ती दिसायला लागते. दम्याचा त्रास असेल तर मुख्य वाटेच्या कडेची जागा टाळा. सगळी धूळ तिथे उडते. जनरेटरही बघून ठेवा, तो मंचाच्या मागे किंवा कडेला असतो. वाऱ्याच्या दिशेने त्याचा धूर येत असेल तर तीन तासांत डोकं दुखतं.

वळीव हा खरा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेला ढग चढतात, आधी धुळीचा वारा येतो आणि त्यामागून पाऊस. पावसापेक्षा आधीचा वारा धोक्याचा. मंडपाचं कापड शिडासारखं फुगतं, त्याने खांब उपटतात. एलईडी पडदा, दिव्यांचे मनोरे, टांगलेले स्पीकर यांची उंची असते पण पाया जमिनीत नसतो. वारा सुटला की यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या दीडपट लांब व्हा. मंडपाखाली दाटी करणं ही सगळ्यांत सहज होणारी चूक आहे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनाने भागा. जे येईल तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मैदान सोडा. पक्की इमारत किंवा काचा लावलेली चारचाकी सुरक्षित. झाड, मंडप, बसथांब्याचा पत्रा नाही. व्हॅक्सिन डेपोत हे विशेष सांभाळा. तिथे झाडाखाली उभं राहण्याचा मोह होतो, आणि वळवाच्या वाऱ्यात जुन्या फांद्याही मोडतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग परत या. ओल्या मैदानावर लोखंडी बॅरिकेड आणि रोषणाईचे खांब हाताला लागू देऊ नका. वायरचे जोड जमिनीवर चिकटपट्टीने बांधलेले असतात, ते पाण्यात गेलेले कुणी बघितलेले नसतात.

जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं तर पर्यायी सभागृह ठरलंय का, एवढंच विचारा.

पिशवीत काय

पाणी माणशी एक लिटर. पण काही ठिकाणी बाटली दारातच काढून घेतात, म्हणून महागाची स्टीलची नेऊ नका. टिळकवाडीत १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी विहीरच खोदली होती. काँग्रेस विहीर म्हणून ती अजून आहे. त्याच अधिवेशनात लहानग्या गंगूबाई हनगल गायल्या होत्या. शंभर वर्षांनंतरही मैदानावर कमी पडतं ते पाणीच. टँकरच्या नळाशी मध्यंतरात रांग लागते, त्याच्या दहा मिनिटं आधी भरून घ्या.

स्वच्छतागृहाचंही तसंच. फिरती स्वच्छतागृहं मोजकी असतात आणि आठनंतर त्यांत पाणी संपतं. बायकांची रांग मध्यंतरात सर्वांत लांब, म्हणून मुख्य कलाकार येण्याआधीच्या भाषणात जाऊन या. कागदी रुमाल आणि हात धुण्याचं काहीतरी जवळ हवं.

खायला मैदानाबाहेर मिरची भजी, गिरमिट, भडंग, उसाचा रस मिळतो. भूक लागेल एवढं आधी खा, पुरेल एवढं बरोबर न्या. चपातीची गुंडाळी आणि चिरमुरे-शेंगदाणे हे बैठकीत आवाज न करता खाता येतात, वेफर्सच्या पुड्याने आजूबाजूचे वैतागतात. कुंदा घरच्यांसाठी न्यायचा असेल तर दुकानं आधी गाठा, दहानंतर बंद असतात.

काडेपेटी, लायटर, तंबाखूची पुडी दारात काढून घेतात आणि परत मिळत नाही. ड्रोन आणूच नका. सांब्र्याचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ, शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीचा परिसर, या सगळ्यांमुळे शहरावर ड्रोन उडवणं म्हणजे पोलीस ठाण्याची वाट.

कोल्हापूरकडून कित्तूरला किंवा सीपीएडवरच्या सरकारी उत्सवाला येणाऱ्यांना सूचना कन्नडमध्ये ऐकू येतील. प्रवेश, निर्गमन, शौचालय हे शब्द ओळखीचेच आहेत. याखेरीज ‘वाहन निलुगडे’ म्हणजे गाड्या लावायची जागा, ‘कुडियुव नीरु’ म्हणजे पिण्याचं पाणी, ‘मक्कळु’ म्हणजे मुलं आणि ‘तुर्तु’ म्हणजे तातडीचं, एवढं कानात ठेवलं तरी भागतं. मूल हरवल्याची घोषणा बहुतेक दोन्ही भाषांत होते. स्वयंसेवकाला मराठीत सांगितलं तरी कळतं.

दार, गर्दी, मुलं

सपाट वाटेत एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसं बाहेर पडतात. मैदानावर पाच हजार लोक आणि तीन मीटरचं एकच दार उघडं असेल, तर शेवटच्या माणसाला एकवीस मिनिटं लागतात. त्याच दारातून दुचाक्या आत-बाहेर करत असतील तर याच्या दुप्पट धरा. आत जाताना दारं मोजा, कुठलं कुलूपबंद आहे ते बघा आणि आपल्याला जवळचं कुठलं ते ठरवा. माणूस आलेल्याच दारातून परत जायला बघतो, त्यामुळे बाजूचं दार जवळजवळ रिकामं असतं.

जून २०२५ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण दगावले, तेही दाराशीच. मोफत कार्यक्रमाला दार उघडण्याआधी पुढे दाटण्याची सवय आपल्याकडेही आहे. दोन्ही खांदे दोन्हीकडच्या माणसांना एकाच वेळी टेकले की गर्दी जास्त झाली असं समजा आणि तिथून निघा. सरळ मागे फिरू नका, लाटेच्या मधल्या थांब्यात तिरपं तिरपं कडेला सरका. हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहते. खाली पडलेली चप्पल किंवा मोबाईल उचलायला वाकू नका. कठडा, भिंत, दाराचा खांब यांच्याशी स्वतःला चेपू देऊ नका, धक्क्याला तिथे जागाच नसते.

मुलाच्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मनगटावर पेनने लिहिलं तर घामाने पुसतं, वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. नंबर घरी थांबलेल्या कुणाचा तरी असू द्या, मैदानातला फोन लागणार नाही. ‘हरवलास तर मंचाच्या उजवीकडच्या पायऱ्यांशी जा’ असं एकच ठिकाण सांगून ते दाखवून आणा. मोठ्यांनीही भेटायची जागा मैदानाबाहेरची ठरवावी. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवा, तो अडकला तरी थोड्या वेळाने पोहोचतो. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

परतीची वाट

गाडी मैदानाजवळ लावू नका, घराच्या वाटेवर लावा. खानापूर, टिळकवाडी, अनगोळकडचे असाल तर काँग्रेस रोडच्या बाजूला, चंदगड-उचगावकडचे असाल तर हिंडलग्याच्या बाजूला, निपाणी-संकेश्वरकडे जायचं असेल तर महामार्गाकडे तोंड करून. पाचशे मीटर चालायला सहा-सात मिनिटं लागतात आणि कोंडीत अर्धा तास वाचतो. गाडीचं तोंड रस्त्याकडे असू द्या. दुचाकी रांगेच्या टोकाला लावा, मधे लावली तर मागच्या दहा गाड्या हलेपर्यंत ती निघत नाही. वाटेत रेल्वे फाटक असेल तर कार्यक्रम सुटल्यावर गाडी येण्याची वेळ आहे का, तेही बघा.

बसने येणाऱ्यांनी आधी सीबीटीवर (शहर बसस्थानक) किंवा मध्यवर्ती बसस्थानकावर गावची शेवटची गाडी विचारून ठेवावी. बहुतेक गावांची शेवटची बस कार्यक्रम संपण्याआधीच गेलेली असते, आणि वडापची जीपही दहानंतर भरत नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की शक्ती योजनेत महिलांना साध्या बसचं तिकीट फुकट मिळतं. चंदगड-गडहिंग्लजच्या बायकांना मात्र पैसे मोजावे लागतात, आणि महाराष्ट्र एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत हद्दीपर्यंतच चालते. चौघं-पाच जण असाल तर येतानाच रिक्षा परतीसाठी ठरवा, भाडं आधी बोलून, नंबर घेऊन, आणि उभी राहायची जागा मैदानापासून दोन गल्ल्या लांब सांगून. सुटल्यावर दारात मिळणारी रिक्षा मागेल ते घेते.

निघायचं कधी, हा वादाचा मुद्दा. भैरवी सुरू झाली की उठणारे बरेच असतात आणि त्यांना कोंडी लागत नाही. पण शेवटची दहा मिनिटं ऐकण्यासाठीच सगळं केलेलं असतं. आमचं मत असं: शेवटपर्यंत बसा, आणि मग उलट वीस मिनिटं बसूनच राहा. घोंगडीची घडी करा, उरलेले शेंगदाणे खा. सगळ्यांत वाईट म्हणजे मधला मार्ग, संपल्या संपल्या पळणं.

रात्री जांबोटी-चोर्ला किंवा चंदगडकडच्या रस्त्याला लागणार असाल तर वेग चाळीसच्या आत ठेवा. गवे रस्त्यावर उभे असतात, अंगाचा रंग काळपट, आणि दिव्यात आधी दिसतात ते फक्त गुडघ्याखालचे पांढरे पाय. एक ओलांडून गेला की लगेच गाडी काढू नका, मागे कळप असतो. हॉर्न मारू नका, दिवे खाली करून थांबा. हिवाळ्यात पहाटेकडे धुकंही असतं, लांबचा दिवा त्यात उलटा डोळ्यांवर येतो.

घरी पोहोचल्यावर सतरंजीला लागलेली लाल माती ओली असताना चोळू नका, ती धाग्यात बसते. पूर्ण वाळू द्या, काठीने झटका, ब्रशने काढा आणि मग गार पाण्यात भिजवा. घोंगडी धुवायची गरज नाही. एक दिवस उन्हात उलटसुलट टाकली की पुरे, पण दवाने दमट असताना घडी घालून कपाटात ठेवली तर कुबट वास लागतो आणि कसर होते.